लोण्याची नानखटाई

माझ्या हातची नानखटाई चावावी लागत नाही, जिभेवर ठेवली की आपली आपण विरघळते. हे दुसऱ्या कुणी म्हणायची वाट न बघता मी स्वतःच सांगून टाकते. नम्रपणा मला लहानपणी जमला नाही आणि आता या वयात शिकायचा कंटाळा येतो. आमचे हे म्हणतात, "मंजिरी स्वतःची एवढी तारीफ करते की आम्हाला बोलायला काही उरतच नाही." न उरू दे. तुम्ही खा, बोलायचं मी बघते. पण खरं ते सांगायला हवं. वरून भुरभुरलेली पिठीसाखर तेवढी माझी. खालची नानखटाई आईची. आणि त्या साखरेखाली दडलेली, मधोमध दाबून बसवलेली चारोळी आमच्या घराची. त्या चारोळीपायी वाडीतल्या भट्टीवर भर सकाळी जो तमाशा झाला तो झाला नसता, तर माझी आई माझ्या आतेबहिणीच्या लग्नाला गेलीच नसती. म्हणून ते एक वर्ष लिहून काढायला बसले आहे.

आम्ही तेव्हा नागरवाड्यात पहिल्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर उघडणारी गॅलरी. खाली कोकिलाबेन. त्यांच्या देवाची घंटी वाजली की आमचं दूध गॅसवर चढायचं आणि बाबांची स्कूटर सुरू झाली की मी कॉलेजला निघायचे. ती स्कूटर आधी आडवी करून, कान धरल्यासारखी हलवून, मग लाथ मारल्याशिवाय सुरू होत नसे, आणि ती सुरू झाल्याचं अख्ख्या गल्लीला कळायचं. घरात मराठी, जिन्यावर गुजराती. आई लाडात आली की "चालो, जमवा बेसो", म्हणजे जेवायला बसा, म्हणायची आणि रागावली की शुद्ध मराठीत यायची, त्यामुळे तिचा मूड कळायला तोंडाकडे बघावं लागत नसे. सकाळी वरणभात, रात्री भाखरी, मधल्या वेळेला खालून कोकिलाबेननी पाठवलेला हांडव्याचा तुकडा. रोजच्या दुधाची साय आई एका सटात जमवायची, विरजण लावायची आणि रविवारी घुसळायला बसायची. रवीचा तो घुर्र घुर्र आवाज आणि मधूनच तिचं "मंजू, गार पाणी आण" हा माझ्या रविवारचा आवाज. आता मी लोणी बाजारातून आणते. आणते म्हणून सांगते, लपवत नाही, पण वासात फरक आहे.

जवळच्या वाडी नावाच्या भागात करीमचाचांची पावाची भट्टी होती. पाव निघून गेले की भट्टीत जी आच उरायची ती घरगुती कामाला मोकळी व्हायची. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत बायका घरून नानखटाईचं पीठ तयार करून घेऊन जायच्या. ट्रे चाचांचे, माल आपला. भट्टी एक आणि घरं पुष्कळ, त्यामुळे कुणाची कुठली हे कळायला प्रत्येक घराची खूण ठरलेली असे. कुणी शिवणाचं अंगुस्तान दाबायचं, कुणी काट्यानं फुली मारायचं, कुणी पिस्त्याचा काप खोचायचं. चाचांना बायकांची नावं येत नसत, खुणा मात्र पाठ. ट्रे बाहेर आला की ते ओरडायचे, "फुलीवाळां बेन! चालो, तमारो माल तैयार!" आणि एखादी जाडजूड बाई डबे सावरत उठायची. आमची खूण चारोळी. ती मुळात बाबांच्या घरची. त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी प्रमिलाआत्या, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला तरसालीला गेली तरी माहेरची चारोळी तिनं सोडली नाही, आणि आई सून म्हणून आली तेव्हा तीच चारोळी तिच्याही हातात आली. अडचण कधी आली नाही, कारण नणंद-भावजय भट्टीवर बरोबरच जायच्या, एकत्रच भाजून घ्यायच्या आणि तिथंच डबे वाटून घ्यायच्या. चाचांच्या लेखी चारोळी म्हणजे एक घर.

नानखटाई तुपाची असते हे जगजाहीर आहे. लोण्याची केली ती आईनं, आणि तीही हौसेनं नाही, सिलिंडर संपला म्हणून. लोणी कढवायला ठेवायचं आणि गॅस फुस्स करून गेला. नवा सिलिंडर कधी येईल ते देव जाणे, कोकिलाबेन गावाला गेलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर जायचं ठरलेलं. दुसरी कुणी असती तर जाणं रद्द करती. आईनं लोणी गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतलं, फडक्यात बांधून दाबून दाबून पाणी काढलं आणि परातीत घेऊन तळहातानं फेसायला बसली. फेसता फेसता ते पांढरंशुभ्र, हलकं होत जातं. मग वाटीतल्या पाण्यात त्याचा एक थेंब टाकायचा. तरंगला की झालं, बुडाला की परत फेसायचं, हात मोडून आला तरी. मग साखर, चिमूटभर मीठ, आणि शेवटी मैदा. तो मळायचा नाही, बोटांनी नुसता गोळा करायचा. मळलात की मेलात, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना आजही ओरडून सांगते. त्या दिवशी भट्टीतून जे बाहेर आलं ते पांढुरकं, कडेला जेमतेम तांबूस, आणि इतकं भुसभुशीत की बोटात जपून धरावं लागत होतं. बाबांनी एक खाल्ली, मग काही न बोलता डबाच स्वतःकडे ओढला. बाबांकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र आमच्या घरात कुणाला मिळालेलं नाही.

पिठीसाखरेची कल्पना टीव्हीवरची. केबल नुकतीच आली होती आणि मी दुपारभर तिच्यासमोर बसलेली असायचे. एक परदेशी बाई बिस्किटांवर गाळणी धरून पांढरी भुकटी भुरभुरवत होती. ती काय बोलत होती ते अर्धं कळत नव्हतं, हात मात्र कळत होते. मी उठले, डब्यातली पिठीसाखर घेतली, चहाची गाळणी घेतली आणि आईच्या ताज्या नानखटाईवर धरली. आई म्हणाली, "अगं ही काय लग्नाला निघालीय, तिला पावडर कसली लावतेस?" पहिल्या खेपेला फजितीच झाली. नानखटाई गरम होती, साखर विरघळून तिचा चिकट पापुद्रा झाला. पण मी काही हार मानणारी नव्हते. दोन हात द्यायचे हे मी शोधून काढलं: कोमट असताना एक हलका, म्हणजे चिकटते, आणि पार गार झाल्यावर दुसरा भरपूर, म्हणजे दिसते. तेव्हापासून आईनं पावडर म्हणणं सोडलं आणि स्वतःच गाळणी आणून द्यायला लागली. आम्हा दोघींना वाटलं, आता काहीतरी जगाला दाखवण्यासारखं आपल्या हातात आलंय.

जग म्हणजे प्रमिलाआत्या. ती शाळेत हेडमिस्ट्रेस होती. उंच, कडक इस्त्रीची साडी, आणि आवाज असा की घरातल्या घरातही शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. मी स्वभावानं तिच्यावर गेले आहे, असं आई रागात म्हणायची आणि मला ते ऐकून आनंद व्हायचा. तिची मुलगी वैशाली माझ्याहून थोडी मोठी, माझी आतेबहीण आणि माझी एकुलती एक खरी मैत्रीण. त्या चैत्रात आत्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाची कमळं, आणि खोलीभर बायका. आईनं लोण्याची नानखटाई केली होती, वर माझी साखर. मी स्वतः ताट घेऊन फिरत होते आणि बायका "हे काय गं नवीन?" म्हणून उचलत होत्या. आत्यानं एक घेतली. अर्धी खाल्ली. एक क्षण थांबली, आणि उरलेली अर्धी सगळ्यांच्या देखत बशीत परत ठेवली. मग त्या हेडमिस्ट्रेसच्या आवाजात आईला म्हणाली, "सुधा, नानखटाई तुपाचीच बरी. आणि वर ही पावडर कशाला? आत काही नसलं की असं वरून लागतं." बायका हसल्या. आईपण हसली. तिनं पन्ह्याचा पेला संपवला, ओटी घेतली, रिक्षावाल्याला नीट गुजरातीत पत्ता सांगितला, आणि नागरवाड्यापर्यंत एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर तिनं उरलेल्या नानखटाया डब्यात भरल्या आणि डबा फळीवर सगळ्यात वर, हात न पोचेल असा ठेवून दिला. मला इतका राग आला होता की मी गॅलरीत जाऊन ढसाढसा रडले.

भांडण झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. आई फक्त जायची थांबली. वटपौर्णिमा गेली, गौरी-गणपती गेले. दिवाळीच्या आधी ती भट्टीवर आत्या जाऊन आल्यावर एक दिवस सोडून गेली, आणि चारोळी मात्र तीच लावली. "घराची खूण आहे, मी का सोडू?" म्हणाली. भाऊबीजेला बाबा एकटे तरसालीला जाऊन आले. त्या बिचाऱ्यांची फार ओढाताण व्हायची. ऑफिसातून परस्पर बहिणीकडे डोकावून यायचे आणि घरी येऊन "मला आज भूक नाही" म्हणायचे, आणि आई शांतपणे विचारायची, "भाजी कसली होती?" त्याआधी श्रावणातच वैशूचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला होता. दिवाळीनंतर पत्रिका द्यायला आत्याचे यजमान एकटेच आले. ते गेल्यावर आई म्हणाली, "त्या दिवशी माझं डोकं दुखणार आहे." महिनाभर आधी! बाबांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, "आत्तापासून ठाऊक आहे?" "हो," आई म्हणाली, "तुम्ही आणि मंजू जा."

आता हे काही साधं नव्हतं. आमच्यात गौरीहरापाशी बसलेल्या नवरीला मामा-मामी उठवून बोहल्यावर आणतात. मामा एकटा उभा राहिला की शंभर माणसं विचारणार, मामी कुठे? आणि हा प्रश्न एकदा लग्नमंडपात विचारला गेला की दोन्ही घरं कायमची तुटणार, हे मला त्या वयातही लख्ख कळत होतं. वैशू फोनवर रडली. आमच्याकडे फोन नवाच होता, त्यावर कुणी रडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "मंजू, मामी नसली तर मी पाटावरून उठणारच नाही." मी म्हटलं, "उठशील गं बाई, रडू नको. तुझी आई भट्टीवर कधी जाणार आहे तेवढं सांग." तिनं सांगितलं. त्यापुढचं सगळं माझं डोकं, आणि त्याचा मला आजही यत्किंचित पश्चात्ताप नाही.

आदल्या दिवशी मी परात घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध बसले, आईचं जमवलेलं लोणी घेतलं आणि फेसायला लागले. मुद्दाम वाईट. बोटांच्या टोकांनी, रेघोट्या ओढल्यासारखं. आई भाजी चिरत होती. तिनं एकदा बघितलं, परत विळीकडे बघितलं. "कोणासाठी?" तिनं विचारलं. "रुखवतासाठी," मी म्हटलं. "वैशूसाठी माझ्याकडून. तुझा काही संबंध नाही." मी आणखी रेघोट्या ओढल्या. थेंब पाण्यात टाकला, तो दगडासारखा बुडाला, तरी मी मैद्याच्या डब्याला हात घातला. मग मात्र तिच्यानं राहवेना. "अगं ए, थांब! मैदा नको घालू, वाट लावशील! सरक बघू." तिनं पदर खोचला, परात ओढली आणि सबंध तळहातानं फेसायला लागली. तिच्या दंडाचं मांस हलत होतं, कपाळावर घाम आला होता, आणि चेहऱ्यावर असा राग होता की जणू ते लोणी तरसालीहून आलं होतं. थेंब तरंगला. तिनं वर न बघताच विचारलं, "चारोळी आहे ना घरात?" मी म्हटलं, "आहे." दुसऱ्या दिवशी "मला एकटीला एवढं उचलणार नाही" म्हणून तिला भट्टीवर न्यायला फारसं काही करावं लागलं नाही. आपल्या हातचं पीठ ती दुसऱ्याच्या भरवशावर भट्टीत घालू देणारी नव्हतीच.

भट्टीवर लग्नसराईची गर्दी होती. ट्रे भरून, चारोळ्या लावून आम्ही आत दिले आणि मागच्या बाजूला, मैद्याच्या पोत्यांजवळ बाकावर बसलो. आत्या आमच्या आधीच येऊन पुढच्या दारापाशी बसली होती, हे मला आल्याआल्या दिसलं होतं. आईला दिसलं नव्हतं. मध्ये धूर, बायका आणि डब्यांचा खणखणाट. भाजलेल्या तुपाचा, वेलचीचा वास असा दाटला होता की नुसत्या वासानं पोट भरावं. चाचांनी लांब दांड्याच्या फळीनं ट्रे ओढले आणि नेहमीच्या सवयीनं चारोळी लावलेलं जेवढं होतं तेवढं सगळं एका मोठ्या ताटात रिकामं केलं. चारोळी म्हणजे एक घर. मग ते ओरडले, "चारोळीवाळां बेन! चालो, तमारो माल तैयार!"

मागून आई उठली. पुढून आत्या उठली. दोघी ताटापाशी पोचल्या आणि एकमेकींना बघून खांबासारख्या उभ्या राहिल्या. चाचा एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे. त्यांना भांडणाचं काय ठाऊक! "बेउ साथे आव्यां? बहु सारुं!" म्हणजे दोघी बरोबर आलात ते छान झालं, असं म्हणाले आणि दुसऱ्या ट्रेकडे वळले. ताटात ढीग पडला होता. तुपाची कुठली, लोण्याची कुठली, भट्टीच्या त्या धुरकट अंधारात कळायला मार्ग नाही, सगळ्यांच्या कपाळावर तीच चारोळी. आई ताटाकडे बघत म्हणाली, "वन्सं, तुमच्या तुमच्या वेगळ्या करून घ्या. मला घाई आहे." आत्या म्हणाली, "वेगळ्या करायच्या तर चव घ्यावी लागेल." तिनं एक मोडली, कोपरा तोंडात टाकला. "ही माझी." दुसरी घेतली. ती अर्धी खाल्ली, आणि थांबली. चैत्रात थांबली होती तशीच. मग उरलेली अर्धी तिनं ताटाच्या कडेला ठेवली.

"परत अर्धी ठेवलीत, वन्सं?"

आईचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. भट्टीवरच्या बायका वळून बघायला लागल्या.

"चव बघायला तेवढी पुरते," आत्या म्हणाली.

"चैत्रातही पुरली होती. सगळ्यांसमोर उष्टी बशीत टाकलीत. माझ्या लेकीनं एवढ्या हौसेनं साखर घातली होती. कडक झाली असती, करपली असती, तर मी तुमच्यापाशी बसून पहिल्यापासून शिकले असते. पण चांगली झाली होती! मला माहितीय चांगली झाली होती!"

"सुधा, हळू बोल."

"नाही बोलणार हळू. मी आठ महिने हळूच बोलतेय."

आत्यानं आजूबाजूला बघितलं, आईचा हात धरला आणि तिला फरफटत मागच्या अंगणात, जळाऊ लाकडांच्या ढिगापाशी नेलं. मी अर्थातच मागोमाग गेले. आपल्याला ऐकू येणार नाही अशा अंतरावर उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही. मला वाटलं, आता आत्या आईला फाडून खाणार. पण ती लाकडांवर बसली आणि एकदम थकल्यासारखी दिसली.

"मला डायबिटीस निघालाय," ती म्हणाली. "फाल्गुनात कळलं. गोड बंद म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. वैशूलाही नाही. तुझ्या नवऱ्याला सांगायची सोय नाही, त्याच्या पोटात काही राहतं का?"

आईनं पदरानं कपाळ पुसलं.

"वैशूला स्थळं बघत होतो. आईला असं काही आहे म्हटलं की लोक मुलीकडे वाकडं बघतात. त्या हळदीकुंकवाला एका स्थळाची मावशी समोर बसली होती. म्हटलं, एक घास घ्यावा, म्हणजे कुणाला शंका नको. घेतला. आणि सुधा, देवाशपथ सांगते, ती अख्खी खाल्ली असती तर मी दुसरी उचलली असती, आणि मग ताट संपेपर्यंत थांबले नसते. ती अर्धी खाली ठेवताना मला काय झालं ते माझं मला माहीत. वर सगळ्या बघताहेत. काहीतरी बोलायला हवं होतं, तोंडाला येईल ते बोलले."

"तोंडाला हेच आलं? आत काही नाही म्हणून?"

"जन्मभर पोरांच्या चुका काढल्यात मी. चांगलं पटकन येत नाही तोंडाला."

"मग नंतर तरी सांगायचं!"

"कधी सांगायचं? भाऊबीजेला दाराकडे डोळे लावून बसले होते. तू आलीच नाहीस."

"तुम्ही बोलावलंत का?"

"भाऊबीजेला भावजयीला आमंत्रण लागतं का गं?" आत्या ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचे डोळे भरून आले. प्रमिलाआत्या, जिला बघून वर्गच्या वर्ग उभे राहायचे, ती पदर तोंडात धरून रडत होती. चैत्रापासून मी तिला मनात जेवढ्या शिव्या दिल्या होत्या तेवढ्या सगळ्या एकदम आठवल्या.

आई वळली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं, ही डबा घेऊन निघाली घरी. मी धावत मागे गेले. आई ताटापाशी उभी होती. तिनं कडेला ठेवलेली ती अर्धी नानखटाई उचलली, आत्याची उष्टी, आणि तोंडात टाकली. सगळ्या बायका बघत होत्या. आईनं ती जिभेवर घोळवली, गिळली, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या आत्याला म्हणाली, "या खेपेला मीठ किंचित कमी पडलंय." आत्या नाक पुसत म्हणाली, "मला वाटलंच." मग चाचा ओरडले, "बेन, थाळी खाली करो ने, पाछळ लाइन छे!" आणि दोघी एकदम त्यांच्यावर खेकसल्या.

वेगळ्या करण्याचा प्रश्नच उरला नाही. सगळी चारोळी, कोमट असतानाच माझ्या साखरेचा पहिला हात घेऊन, पूर्वीसारखी डब्यांत भरली गेली, आणि रिक्षा नागरवाड्याला न जाता तिघींना घेऊन तरसालीला गेली. दारात आम्हाला बघून वैशू इतकी किंचाळली की शेजारी बाहेर आले. संध्याकाळी आत्याच्या ओसरीवर जुन्या साड्या अंथरून मी दुसरा हात दिला, तुपाच्या आणि लोण्याच्या सगळ्यांवर सारखा. मी गाळणी हलवताना आत्या माझ्या मागे उभी राहून "कडेला कमी पडतेय, कडेला" म्हणून चुका काढत होती, आणि मी अजिबात चिडत नव्हते. आईनं आत्याची गोष्ट लग्न पार पडेपर्यंत कुणाला सांगितली नाही. मीही नाही सांगितली, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल याची कल्पना मला ओळखणारे करू शकतील. पुढे कळलं की वैशूच्या सासूबाईंनाही डायबिटीस होताच आणि त्यांनीही तो आमच्यापासून असाच लपवला होता. दोघी विहिणी मग बरोबरीनं गोळ्या घ्यायला लागल्या.

लग्नात मामा-मामींनी नवरीला बोहल्यावर आणलं. आई हिरव्या शालूत इतकी देखणी दिसत होती की मी नवरीला सोडून तिच्याकडेच बघत होते. रुखवतात नानखटाईचा पांढरा डोंगर होता आणि वरपक्षाच्या काळ्या कोटांवर, मिशांवर, शेरवान्यांवर जेवणाआधीच पिठीसाखर पडलेली होती. वराच्या काकांनी विचारलं, "कुणाच्या हातच्या?" तर आत्या अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुधाच्या! आणि वरची साखर आमच्या मंजूची!" लाउडस्पीकरनं आईचं डोकं त्या दिवशी खरंच दुखलं, पण ते ती कुणाला सांगू शकली नाही.

त्यानंतर ती एक रीतच पडली. आई आत्याकडे गेली की डब्यात सगळ्या पांढऱ्या नानखटाया आणि एकच साखर न भुरभुरलेली असायची, जिच्यावरची चारोळी उघडी दिसे. ती आत्याची. आत्या अर्धी खायची, अर्धी बशीत ठेवायची, आणि ठेवलेली अर्धी आई उचलायची. डॉक्टरांची परवानगी आहे की नाही हे दोघींनी कधी विचारलं नाही. बोलणं दुसऱ्याच कशाचं तरी चालू असायचं, भाज्यांचं, गुडघ्यांचं, आणि हात आपले आपण जायचे. पुढे वाडीतली ती भट्टी बंद झाली, माझ्याकडे काचेच्या दाराचा ओव्हन आला, बाबा गेले. आईचे हात फेसायला उठेनासे झाले तेव्हा परात माझ्याकडे आली. आईनं शेवटचा तरंगता थेंब बघितला तो माझ्या स्वयंपाकघरात, खुर्चीत बसून, आणि म्हणाली, "बरं झालंय." मास्तरणीची भावजय ती, तिच्या तोंडून एवढंच.

आत्या आता नव्वदीकडे आली आहे. ऐकू कमी येतं, म्हणून आवाज आणखी मोठा झालाय. आई गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात मी डबा घेऊन तरसालीला गेले. जाताना ती एक बिनसाखरेची ठेवावी की नाही याचा रस्ताभर विचार केला, आणि ठेवली. आत्यानं झाकण उघडलं, पांढऱ्यांत बोट फिरवून उघड्या चारोळीची बरोबर शोधली, मोडली, अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी नेहमीसारखी बशीत ठेवली. मी त्या बशीकडे बघत बसले. ती माझ्याकडे वळली आणि मला वर्गात झोपलेल्या पोरीला ओरडावं तशी ओरडली, "अगं बघत काय बसलीस? उचल! सुधाची आहे ती."

मी उचलली. मीठ बरोबर होतं.